मदत हवी आहे: घरात टीबी, बाहेर धूळ, खिडकी उघडी ठेवायची की बंद?

मंडळी, आम्ही गोवंडीला राहतो, दुसरा मजला, समोर टॉवरचं काम चालू आणि वारा फिरला की देवनार डम्पिंगचा वास थेट हॉलमध्ये. धाकट्या दिराला फुप्फुसाचा टीबी निघालाय, गोळ्या नुकत्याच सुरू झाल्यात. डॉक्टर म्हणतात खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती राहिली की जंतू खोलीत साचत नाहीत. ते पटतं हो, पण उघडल्या की थोड्या वेळात टीव्हीवर बोटाने नाव लिहावं एवढी धूळ, त्याचा खोकला वाढतो, मग सासूबाई येऊन धाडकन बंद करतात!

वाचलं ते असं की पीएम २.५ चे बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात, तिथल्या जंतू गिळणाऱ्या पेशीच ढिल्या पडतात, म्हणजे धुळीने टीबी होत नाही पण शरीराचा पहारा कमी होतो. त्यात आपल्याकडे या कणांची वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटर हवेमागे ४० मायक्रोग्रॅम आणि डब्ल्यूएचओची २०२१ पासून ५, आता काय बोलायचं.

तर कुणी हेपा फिल्टरवाला (बारीक कण अडवणारा) एअर प्युरिफायर टीबी पेशंटच्या खोलीत वापरलाय का? खिडकी थोडी उघडी असताना त्याचा उपयोग होतो? कडेला ओली चादर लावणं वगैरे चालतं का? घरात चार वर्षांची मुलगी आहे, तिला प्रतिबंधक गोळ्या चालू केल्यात. एन९५ आम्ही घालतोच. प्लीज अनुभव असेल तरच सांगा, काढे नकोत.