पदवी झाली, पोरं चालली पुण्या-मुंबईला. त्यांना विश्वासाबद्दल काय सांगायचं? तुमचे अनुभव लिहा

नगरची_माई
सगळ्यांना सलाम. परवा चर्चमध्ये उपासना झाल्यावर यंदा पास झालेल्या मुलामुलींना पुढे बोलावलं होतं. इंजिनिअर, नर्सिंगच्या दोघी, बीकॉम, एक वकील. पाळकसाहेब म्हणाले माई तुम्ही दोन शब्द बोला. बोलले, पण घरी आल्यापासून सारखे माझे अण्णाच डोळ्यापुढे येताहेत.

अण्णा नेवासे तालुक्यात मिशनच्या शाळेवर मास्तर. मी बीए होऊन पुण्याला नोकरीला निघाले तेव्हा ट्रंक बांधता बांधता म्हणाले, "खोली मिळाली की पहिल्याच रविवारी देवळात जा. एक रविवार चुकला की दुसऱ्याला कारण आपोआप सापडतं." बस, एवढंच. ना वचन ना उपदेश. मी गेले, आणि तिथे मागच्या बाकावर बसणाऱ्या एक सिस्टरबाई होत्या, ससूनमध्ये कामाला, त्या मला सरळ जेवायलाच घेऊन गेल्या. पुढे माझं आजारपण, लग्न, सगळं त्या मंडळीतच निभावलं.

बायबलातल्या मत्तय ७ मधली ती दोन घरं आपल्या सगळ्यांना शब्बाथ शाळेपासून पाठ आहेत, एक खडकावर एक वाळूवर, वाळूवरचं पडलं. पण पोरांना हे कोणी सांगतच नाही की पाऊस दोन्ही घरांवर पडला. आणि येशूचं ऐकलं पण दोघांनी होतं! केलं एकानेच. मला वाटतं नोकरीच्या पहिल्या सहा-आठ महिन्यांत हेच ठरतं, नंतर सवयी घट्ट होतात. म्हणून तुम्हाला विचारते, पदवी हातात आली तेव्हा तुम्हाला कोणी काय सांगितलं आणि त्यातलं काय खरंच टिकलं? नुसती वचनं चिकटवू नका, घडलेलं लिहा, मला ते पोरांना वाचून दाखवायचंय.

शिरूरचा_सॅम
माई सलाम. माझं पैशाचं आहे. पप्पा एसटीत ड्रायव्हर, हार्वेस्टच्या सणाला आमच्याकडे देवळात भोपळे कोंबड्या ज्वारी सगळं यायचं आणि मग लिलाव, पप्पा कायम सगळ्यात छोटा भोपळा दुप्पट पैशाला घ्यायचे. मला हिंजवडीला नोकरी लागली तेव्हा म्हणाले पहिला दहावा भाग बाजूला काढ मग बाकीचा मोज. मी काढत गेलो. आता काही लोक साक्ष देतात की दशांश दिला आणि देवाने दुप्पट दिलं, माझं तसं काही झालं नाही, उलट २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये नोकरीच गेली. पण नऊ भागात राहायची सवय होती म्हणून डोक्यावर गाडीचं कर्ज नव्हतं क्रेडिट कार्डाचं नव्हतं. पोरांना सांगताना देवाशी सौदा करायला शिकवू नका प्लीज. द्यायला शिकवा.

आमचं_घर_जालना
आमेन सॅम. आणि भोपळ्याचं वाचून डोळे भरले, आमच्याकडे अंडी यायची लिलावाला, एका अंड्यासाठी दोन म्हाताऱ्यांची चढाओढ 😄

मिरजेची_डॉक्टर
माई, मी वेल्लोरच्या ख्रिस्ती मेडिकल कॉलेजात शिकले, चर्चच्या स्पॉन्सरशिपवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तिथे चर्चेस मुलांची शिफारस करतात आणि शिकून झालं की ठराविक काळ मिशनच्या दवाखान्यात सेवा करायची असते. मी आडगावात गेले. माझ्या बरोबरीचे लोक एमडीचा अभ्यास करत होते आणि मी साप चावलेले, अडलेल्या बाळंतिणी, टीबी यांत रात्री काढत होते, पगार म्हणाल तर सांगण्यासारखा नव्हता.

जायच्या आधी आमच्या एका म्हाताऱ्या प्रोफेसर मॅडमनी विचारलं होतं, इडा स्कडर डॉक्टर व्हायचं का ठरवलं माहितीये ना? माहिती होतंच, वेल्लोरला सगळ्यांनाच असतं. एका रात्रीत तीन वेगवेगळ्या घरचे पुरुष आले, बायका अडल्या होत्या, आणि पुरुष डॉक्टर चालणार नाही म्हणाले. इडाचे वडील डॉक्टर होते पण त्यांना नेलं नाही, आणि इडाला तेव्हा काहीच येत नव्हतं. सकाळपर्यंत तिघी गेल्या. पुढे ती शिकून आली आणि १९१८ ला तिने मुलींसाठी मेडिकल स्कूल काढलं, तेच पुढे आमचं कॉलेज. मॅडम म्हणाल्या, मोठी हाक ऐकू यायची वाट बघू नको, दारात कोण आलंय ते बघ. एवढंच घेऊन मी गेले आणि अजून त्यावरच चाललंय. आपल्या मिरजेला वॉनलेस साहेबांनी १८९४ ला दवाखाना काढला तोही दारात आलेल्यांसाठीच. नर्सिंगच्या त्या दोघींना माझा निरोप द्या, दोघींशी बोलायला आवडेल.

सुनीता_क
सलाम. माई माझी मुलगी पण यंदा बीएस्सी झाली, हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या, यात्रेत नवस बोलले होते, सप्टेंबरमध्ये फेडायचाय. कोणी येणार आहे का श्रीरामपूरमार्गे? गाडीत दोन जागा आहेत.

वसईची_लीना
आम्ही कॅथलिक, वसईतले, तुमच्यात शिरते जरा. फ्रान्सिस दिब्रिटो फादरांना ऐकत आम्ही मोठे झालो, २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते ते, २०२४ च्या जुलैमध्ये गेले. आमच्या पिढीला त्यांच्यामुळे एक गोष्ट अंगात मुरली की मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, जाणारा माणूस गावच्या विहिरीसाठी आणि झाडांसाठी पण उभा राहतो, हरित वसईच्या आंदोलनात आमच्या घरचे रस्त्यावर होते. म्हणजे भक्ती रविवारची आणि बाकी आठवडा बिल्डरचा असं नाही चालत.

मी पदवीधर पोरांना पिअर जॉर्जिओ फ्रसाती सांगते नेहमी, इटलीत तुरीनचा, मायनिंग इंजिनिअरिंग शिकत होता, खाणकामगारांसाठी काहीतरी करायचं म्हणून. बाप मोठा पेपरवाला, घरात पैसा, आणि हा ट्रामचे पैसे गरिबांना देऊन पळत घरी जायचा. १९२५ ला पोलिओने गेला, २४ वर्षांचा, परीक्षा थोडक्यात राहिली. अंत्ययात्रेला गरीब लोकांची ही गर्दी, घरच्यांना तेव्हा कळलं पोरगा काय करत होता. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये संत झाला. डोंगर चढायचा, मित्रांच्या खोड्या काढायचा, अगदी आपल्या पोरांसारखाच. विश्वास म्हणजे तोंड पाडून बसणं नाही हे पोरांना दिसायला हवं ना.

रात्रपाळी
रविवारी जा रविवारी जा सगळे सांगतात पण मी आयसीयूला आहे, महिन्यात एखादा रविवार मिळतो. पेशंट टाकून येऊ का? नव्या मुलींना हे सांगताना जरा विचार करा, त्या आधीच घाबरलेल्या असतात. कुकर लावलाय नंतर लिहिते.

थॉमस_सर_निवृत्त
रात्रपाळी ताई, तुमच्यावरून स्कॉटलंडचा धावपटू एरिक लिडल आठवला. पीटीचा मास्तर होतो म्हणून वर्गात कायम सांगायचो. १९२४ चं पॅरिस ऑलिम्पिक, १०० मीटर त्याची खास शर्यत, तिची पहिली फेरी रविवारी, म्हणून नाही धावला. वेळापत्रक कित्येक महिने आधीच कळलं होतं, त्यामुळे तोवर ४०० मीटरची तयारी केली आणि त्यात सुवर्ण. त्याच महिन्यात एडिंबरा विद्यापीठाची पदवी, पोरांनी खांद्यावरून मिरवला. पुढच्या वर्षी सगळं सोडून चीनला शिक्षक म्हणून गेला. लोक इथपर्यंतच सांगतात.

पण पुढे महायुद्धात जपान्यांनी त्याला इतर परदेशी लोकांबरोबर छावणीत डांबलं. तिथल्या पोरांना रविवारी काही उद्योग नाही म्हणून मारामाऱ्या व्हायला लागल्या. तेव्हा हाच माणूस रविवारी त्यांच्या हॉकीला पंच म्हणून उभा राहिला. १९४५ ला त्या छावणीतच मेंदूच्या गाठीने गेला. मला दोन्ही लिडल एकच वाटतात. सुवर्णपदकासाठी रविवार मोडला नाही, पोरांसाठी मोडला. तुमचा आयसीयू त्या पोरांच्या बाजूचा आहे ताई, घाबरू नका.

रात्रपाळी
सर 🙏 हे मी नर्सिंग होस्टेलच्या ग्रुपवर टाकते. आणि एक राहिलं, आमच्यात तिघी आहोत, ड्युटी संपली की चेंजिंग रूममध्ये पाच मिनिटं प्रार्थना करतो, एक केरळची एक नागपूरची. नव्या मुलींना सांगा अशी एक तरी मैत्रीण पहिल्या महिन्यात शोधा.

दुबईकर_आशिष
रविवारचं म्हणाल तर आमच्याकडे २०२१ पर्यंत सुट्टी शुक्रवार-शनिवार, म्हणून मुख्य उपासना शुक्रवारी. मी नवीन आलो तेव्हा आईला फोन केला की चर्चला जाऊन आलो, आई म्हणे आज शुक्रवार आहे रे बाळा, खोटं नको बोलू 😄 एकाच आवारात वेगवेगळ्या भाषांच्या मंडळ्या वेळ वाटून घेतात, मल्याळी निघाले की तमिळ आत. गल्फला येणाऱ्या पोरांनो, लेबर कॅम्पमध्ये आपली मराठी पोरं असतात त्यांना सोबत न्या, बस चुकते त्यांची, टॅक्सी परवडत नाही. मला पहिल्यांदा असंच एका सोलापूरच्या दादाने नेलं होतं. सौदीला जाणाऱ्यांनी आधी माहिती काढा, तिथे चर्च नाही.

प्रिया_२३
मी यंदाच बीई झालेय. काका-काकूंनो रागावू नका, पण आम्हाला सत्काराला उभं करतात, बायबल देतात, फोटो काढतात. पण मनात जे प्रश्न आहेत ते कुठे विचारायचे? कॉलेजमध्ये मैत्रिणी विचारायच्या तुमचाच देव खरा का, मला नीट उत्तर देता आलं नाही. घरी विचारलं तर म्हणतात विश्वास कमी पडतोय, प्रार्थना कर. प्रार्थना करतेच आहे मी.

केडगावची_नात
प्रिया बाळा, माझी पणजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, दुष्काळात आलेली पोर. तिच्या तोंडून रमाबाई ऐकत आईपर्यंत आलं आणि आईकडून मला. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडमध्ये झाला, आणि त्यानंतरही त्यांनी तिथल्या मठातल्या सिस्टरांना इतके प्रश्न विचारले की त्या बिचाऱ्या हैराण. त्यांची पत्रं आहेत, वाच. चर्चने सांगितलं म्हणून मी मानणार नाही, शास्त्रात कुठे आहे दाखवा, अशी बाई. येशूशी खरी ओळख आपल्याला नंतर काही वर्षांनी झाली असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. आणि त्याच बाईने पुढे हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत केलं, आयुष्याच्या शेवटपर्यंत पुरलं ते काम. मुलगी मनोरमा १९२१ ला गेली आणि १९२२ ला ह्या स्वतः गेल्या.

म्हणून तुझे प्रश्न विश्वासाच्या आड येत नाहीत. फक्त ते घेऊन बाहेर बसू नकोस, आत येऊन विचार. आणि मैत्रिणीला उत्तर देता आलं नाही तर मला माहीत नाही पण मी शोधतेय म्हणून सांग, त्यात काही कमीपणा नाही.

शिरूरचा_सॅम
टिळकांचं पण तसंच ना. रेव्हरंड ना. वा. टिळक, १८९३ ला राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या साहेबाने नवा करार दिला, वाचता वाचता येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाला आले आणि तिथेच अडकले. बाप्तिस्मा १८९५ ला. म्हणजे दोन वर्षं प्रश्न, पत्रव्यवहार, घरात वादळ. माई म्हणतात ती दोन घरं त्याच प्रवचनाच्या शेवटी आहेत.

आमचं_घर_जालना
टिळकांची भजनं पेटीवर म्हणणारे आता राहिले नाहीत हो, सगळीकडे गिटार आणि ड्रम. मुलांना आवडतं ते ठीक आहे पण एक तरी अभंग चालीत म्हणा रे. पेटी दुरुस्त करणारा कोणी संभाजीनगरात माहीत आहे का? आमच्या मंडळीच्या पेटीचा भाता फाटलाय.

एक_वाचक_लातूर
कोणी हा विषय काढत नाही म्हणून लिहितो. जातीचा दाखला. आमच्या घरात आजोबांपासून ख्रिस्ती, समाज पूर्वाश्रमीचा मांग. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती आधी फक्त हिंदूंना होत्या, शीख १९५६ ला आले, बौद्ध १९९० ला, आपण बाहेरच. महाराष्ट्रात आपल्याला ओबीसीत धरतात. गावात वागणूक मात्र जुन्याच जातीची मिळते, ती काही बाप्तिस्म्याने बदलली नाही. हा अन्याय आहे आणि त्यासाठी कायद्याने भांडलंच पाहिजे. पण पदवी झाल्यावर नातेवाईक सांगायला लागले की कागदावर धर्म वेगळा ठेव, देव मनात असतो. वडील म्हणाले, कागदावर लपवलास तर उद्या माणसांत पण लपवावं लागेल. मी ख्रिस्ती लिहिलं. नोकरी चार वर्षं उशिरा लागली. घरात पैशाची फार ओढाताण झाली, आई दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटायची. तरी आज ऑफिसात टेबलावर शास्त्र ठेवतो आणि कोणापुढे मान खाली नाही. जे लपवतात त्यांना मी वाईट म्हणणार नाही, पोट आहे प्रत्येकाला. पण पोरांना पाऊस दोन्ही घरांवर पडतो हे सांगणार असाल तर माई, हा पाऊस पण सांगा.

नगरची_माई
लातूरकर दादा, तुमचं मी पूर्ण वाचून दाखवणार आहे, एकही शब्द गाळणार नाही. आईंना माझा सलाम सांगा. प्रिया, पाळकसाहेबांशी बोलले, शनिवारी संध्याकाळी तरुण संघात फक्त प्रश्नांसाठी बसायचं ठरतंय, भाषण कोणी करायचं नाही असं मी बजावलंय. सुनीता, मी येईन हरेगावला, एक जागा माझी धर.

प्रिया_२३
थँक्यू माई, केडगाव मावशी थँक्यू, पत्रं शोधते. सॅम दादा एक विचारायचं होतं, माझं एज्युकेशन लोन आहे, पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू, आणि घरी पप्पांचं काम बंद आहे. मग दशांश कसा काढायचा? न दिला तर चालतं का?

शिरूरचा_सॅम
प्रिया, हप्ता चुकवून देऊ नको, कर्ज फेडणं हा पण शब्द पाळणंच आहे. आणि घरी आधी दे. देवाला वाहिलंय असं म्हणून आईबापाला मदत न करणाऱ्यांना येशूने चांगलंच सुनावलंय, मार्क ७ वाच. उरेल त्यातून जेवढं जमेल तेवढं टाक, शंभर रुपये असले तरी चालतील, पण दर महिन्याला टाक, पगार वाढेल तसं वाढव. हप्ता किती आणि भाडं किती ते मला मेसेज कर, रविवारी बसून हिशेब मांडू.