संगणकाने पुष्कळ दिले, पण अडून बसण्याची सवय गेली

प्रश्न : भांडुपचा विद्यार्थी

मी दहावीत आहे. ताईचा जुना लॅपटॉप गेल्या मे महिन्यात माझ्याकडे आला आणि तेव्हापासून मी पायथनमध्ये छोटे प्रोग्रॅम लिहायला शिकलो, बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात उतरवून घेतली आणि विश्वकोशातील खगोलशास्त्राच्या नोंदी वाचल्या. हे सगळे मला मनापासून आवडते. तरीही रात्री लॅपटॉप बंद करताना काहीतरी हातचे निसटल्यासारखे वाटते.

नववीत असताना वर्तुळाच्या जीवेवरचे एक उदाहरण मला दोन दिवस सुटत नव्हते. खोडरबराने घासून घासून आकृतीपाशी वहीचा कागद विरला होता. तिसऱ्या दिवशी पहाटे पाणी भरताना एकदम लक्षात आले की केंद्रातून जीवेवर लंब टाकून जीवेच्या टोकाशी त्रिज्या जोडली तर काटकोन त्रिकोण मिळतो. बादली तशीच नळाखाली ठेवून मी वहीकडे धावलो. आता मी अडलो की पाच मिनिटांत कोणाचा तरी व्हिडिओ लावतो. उत्तर समजते, पण तो आनंद होत नाही. इंटरनेट सोडावे असे मला वाटत नाही, आणि असेच चालू राहावे असेही वाटत नाही. आपल्याला असा अनुभव आला आहे का?

उत्तर : दादरच्या निवृत्त शिक्षिका

तुझा प्रश्न वाचून आनंद झाला, कारण नेमके काय हरवले हे तुला सांगता आले आहे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले, आणि पुढे मी सायबर कॅफेत जाऊ लागले तेव्हा तासावर पैसे मोजावे लागत. त्यामुळे काय शोधायचे ते घरून कागदावर लिहून न्यावे लागे, आणि लिहिता लिहिता निम्म्या प्रश्नांची उत्तरे आपल्याजवळच आहेत असे ध्यानात येई. व्हिडिओ लावण्यापूर्वी आपण कोठे अडलो ते तू एका वाक्यात वहीत लिहून पाहा. ‘उदाहरण येत नाही’ एवढेच लिहून मात्र चालणार नाही; कोणती पायरी सुचत नाही ते लिहावे लागेल.

उत्तर : वसईची अकरावीतील विद्यार्थिनी

बाईंविषयी पूर्ण आदर ठेवून सांगते, मला हे सगळे पटत नाही. माझ्या आईला क्लासची फी परवडणारी नव्हती आणि घरात विज्ञान समजावून सांगणारे कोणी नव्हते. मला प्रकाशाचे अपवर्तन एका व्हिडिओमुळेच कळले, आणि तोही मी चार वेळा थांबवून, मागे नेऊन पाहिला. अडून बसायलाही मोकळा वेळ आणि मागे कोणीतरी असावे लागते. माझी खंत वेगळी आहे : व्हिडिओ संपताच पुढचा आपोआप सुरू होतो आणि अपवर्तनापासून मी कुठल्या कुठे पोहोचते. ती आपोआप चालण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद केल्यावर माझा बराच वेळ वाचू लागला.

उत्तर : ठाण्याहून रोज लोकलने जाणारा प्रोग्रॅमर

माझ्या कामातही हाच मोह असतो. प्रोग्रॅम अडला की आलेला संदेश न वाचताच तो शोधपेटीत चिकटवावासा वाटतो. पायथनमध्ये त्या लांबलचक मजकुराची शेवटची ओळ सहसा चूक कोणत्या प्रकारची आहे ते सांगते, आणि तिच्या वर चूक कोणत्या ओळीत झाली तेही दिलेले असते. आधी ते नीट वाच, त्या ओळीतील चलांच्या किमती छापून पाहा आणि मगच शोध घे. वसईच्या ताईंचे म्हणणेही मला तितकेच खरे वाटते : जे मुळात माहीतच नाही ते शोधलेच पाहिजे, जे आपल्याला सुचू शकते त्यासाठी थोडे थांबावे. या दोहोंतला फरक ओळखणे मला अजूनही दर वेळी जमतेच असे नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. काल स्पर्शिकेच्या एका उदाहरणाला अडलो तेव्हा बाईंनी सांगितल्याप्रमाणे लिहिले : ‘कोणता कोन ९० अंशांचा आहे ते समजत नाही.’ लिहिल्यावरही ते सुटलेले नाही. व्हिडिओ अजून लावलेला नाही. उद्या सकाळी पुन्हा वही उघडणार आहे.