हवाईयन भाषेत कांद्याला पाणगवताचे आणि मोगऱ्याला मोराचे नाव कसे पडले?

निफाडचा कांदेवाला

नमस्कार. माझी भाची होनोलुलूला असते. तिथल्या एका परसबागेतल्या झाडांवर लावलेल्या पाट्यांची छायाचित्रे तिने मला पाठवली आणि तिला समजले तसे अर्थही लिहून दिले. त्यानुसार मोगऱ्याला ‘पीकाके’, म्हणजे मोर, असे म्हणतात. अननसाला ‘हाला काहिकी’, म्हणजे विलायती केवडा, असे नाव आहे, तर कांद्याला ‘अका-अकाई’ म्हणतात, जे मुळात पाणथळीत वाढणाऱ्या एका उंच लव्हाळ्याचे नाव आहे. निम्मे आयुष्य कांद्याच्या चाळीत गेलेल्या माझ्यासारख्याला हे शेवटचे नाव काही केल्या पचेना. ही नावे खरोखर अशीच पडली असतील का आणि त्यामागे काही पद्धत आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गोदाकाठ

काका, भाचीने दिलेले तिन्ही अर्थ बरोबर आहेत.

‘पीकाके’ हा इंग्रजी ‘पीकॉक’चाच हवाईयन उच्चार आहे. त्या भाषेत प्रत्येक अक्षर स्वरान्त असावे लागते, त्यामुळे शेवटच्या ‘क’ला ‘ए’ जोडला गेला. राजकन्या कायुलानी (१८७५–१८९९) हिला मोर आणि मोगरा हे दोन्ही अतिशय प्रिय होते, म्हणून पक्ष्याचे नाव फुलाला मिळाले, असे तिथे सांगतात. मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्या ओवून तिथे गळ्यात घालायचे हार करतात. आपल्या पंचवटीत त्याच कळ्या गजऱ्यात गुंफल्या जातात, पण मोर मात्र आपल्याला कधी सुचला नाही.

‘हाला’ हे केवड्याच्या जातीचे झाड असून त्याचे फळ दुरून पाहिले तर अननसासारखे दिसते. ‘काहिकी’ म्हणजे मूळचे ताहिती आणि पुढे समुद्रापलीकडचा कोणताही मुलूख. भाचीने त्याला ‘विलायती’ हा नेमका शब्द योजला आहे. आपणही अमेरिकेतून आलेल्या एका झाडाला चिंचेशी जवळचे नाते नसताना विलायती चिंच म्हणतोच. गंमत अशी की त्याच झाडाला हवाईयनमध्ये ‘ओपिउमा’, म्हणजे अफू, म्हणतात.

शब्दांच्या मुळाशी

गोदाकाठ यांनी सांगितलेली नावे अलीकडच्या थरातली आहेत. त्याखालचा थर अधिक जुना आहे, आणि माझ्या मते खरी मौज तिथेच आहे.

पॉलिनेशियन दर्यावर्दी हवाई बेटांवर आले तेव्हा त्यांनी होड्यांतून सुमारे दोन डझन उपयोगी वनस्पती आणल्या आणि त्यांची नावेही सोबत आणली. मूळ भाषेतला ‘त’ हवाईयनमध्ये ‘क’ झाला आणि मूळचा ‘क’ जाऊन त्याच्या जागी घशात श्वास क्षणभर अडवून केलेला उच्चार आला. म्हणून इतर बेटांवर ‘तालो’ किंवा ‘तारो’ असलेला अळू हवाईत ‘कालो’ झाला, ‘कावा’ हे पेय ‘आवा’ झाले आणि ‘कुलू’ म्हणजे नीरफणस ‘उलू’ झाला. मिशनऱ्यांनी १८२६ मध्ये वर्णमाला ठरवताना ‘त’ आणि ‘क’ यांतून ‘क’ ठेवला. निईहाऊ बेटावर मात्र ‘त’ आजही ऐकू येतो. हळदीला ‘ओलेना’ म्हणतात आणि त्यातल्या ‘लेना’चा अर्थ पिवळा असा आहे.

‘कुकुई’ हे माझे आवडते उदाहरण आहे. ते मूळच्या ‘तुइतुइ’वरून आले असून ‘तुइ’ म्हणजे ओवणे. या झाडाच्या तेलकट बिया फोडून त्यांतले गर नारळाच्या हिरावर एकावर एक ओवत आणि वरचा पेटवत. एक जळत आला की खालचा पेट घेई. अशी ती ओवलेली मशाल असे, म्हणून ‘कुकुई’ या शब्दाला दिवा असाही अर्थ आला.

जुनी नावे नव्या झाडांना चिकटल्याचीही उदाहरणे आहेत. दक्षिणेकडील बेटांवर ‘तोआ’ म्हणजे सुरूचे झाड आणि योद्धाही. हवाईत सुरू नव्हता, तेव्हा ‘कोआ’ हे नाव बाभळीच्या गोत्रातल्या एका स्थानिक वृक्षाला मिळाले. काकांच्या कांद्याचेही असेच झाले: कांदा नंतर आला, लव्हाळ्याचे नाव आधीपासून होते. आपणही मिऱ्याचे ‘मरिच’ हे जुने नाव परदेशातून आलेल्या मिरचीला दिलेच आहे.

निफाडचा कांदेवाला

दोघांचेही आभार. आता मला कांद्याचे नाव पटू लागले आहे. बियाण्यासाठी राखलेल्या वाफ्यात डेंगळे वर येतात, तेव्हा ते हिरवे, गोल आणि बिनपानाचे दांडे लांबून पाहणाऱ्याला नांदूर मध्यमेश्वरच्या काठावरच्या लव्हाळ्यासारखेच वाटावेत. गड्डा जमिनीत असतो. पाहणाऱ्याला आधी दिसतो तो दांडाच. नाव देणाऱ्याने तोच पाहिला असावा, असे मला वाटते.

आणखी एक शंका आहे. चंदनाला ‘इलिआही’ म्हणतात आणि त्याचा अर्थ ‘अग्नीची त्वचा’ असा होतो, असे भाचीने लिहिले आहे. हे खरे मानावे का?

शब्दांच्या मुळाशी

काका, इथे थोडे सावध राहावे. ‘इलि’ म्हणजे त्वचा आणि ‘आही’ म्हणजे अग्नी हे शब्द खरे आहेत आणि फोडही ऐकायला सुरेख आहे. पण टोंगात चंदनाला नुसते ‘आही’, सामोआत ‘आसी’ आणि फिजीत ‘यासी’ म्हणतात. म्हणजे ‘आही’ हे चंदनाचेच जुने नाव दिसते आणि त्याचा अग्नीशी असलेला सारखेपणा केवळ उच्चारापुरता आहे. आपल्याकडे गावांच्या नावांची फोड करताना जो उत्साह दिसतो, त्यातलाच हा प्रकार समजावा.

गोदाकाठ

काकांच्या तालुक्याचे दुसरे पीक राहूनच गेले. द्राक्षाला तिथे ‘हुआ वाइना’ म्हणतात. ‘हुआ’ म्हणजे फळ आणि ‘वाइना’ म्हणजे वाइन, त्यामुळे आपल्या नाशिककरांना हे नाव समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. लसणाला ‘अका-अकाई पिलाऊ’ म्हणतात. ‘पिलाऊ’ म्हणजे दुर्गंधी, तेव्हा भाचीने तिथे बाजारात पुलावासाठी लसूण मागताना जपून बोलावे.