रायगडमधील दरडींचा धोका गावांच्या यादीने मोजता येईल का?

धागालेखक:
१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ताच राहिले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने तेव्हा विधिमंडळात सांगितले. माझा आक्षेप यादीच्या स्वरूपालाच आहे. रायगडमध्ये एकाच गावाची मुख्य वस्ती सपाटीला आणि ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या डोंगरउतारावर असतात, त्यामुळे गावाला मारलेला एकच शेरा दोन्हींना लागू पडत नाही. त्याहून गंभीर बाब अशी की, यादीत नाव नसले की तिथे धोका नाही असे गृहीत धरले जाते. धोका मोजायचा तर तो वाडीनिहायच मोजला पाहिजे.

प्रतिसाद १:
असहमत. उताराचा कोन, झिजलेल्या बेसाल्टवरील मातीचा थर, पाण्याचा निचरा आणि जुन्या दरडींच्या खुणा हे सारे प्रत्यक्ष जाऊन पाहावे लागते, आणि हे काम करणारे भूवैज्ञानिक मोजकेच आहेत. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई, दासगावसारख्या गावांवर दरडी कोसळल्या. ज्या भागाने असा अनुभव घेतला तिथे आधी लक्ष देणे योग्यच आहे. उतारावरची प्रत्येक वाडी धोकादायक ठरवली, तर दर पावसाळ्यात माणसे हलवावी लागतील आणि चार वेळा काही न घडता परत आलेले लोक पाचव्यांदा घर सोडणार नाहीत. प्राधान्यक्रम हवाच, आणि प्राधान्यक्रम म्हणजे यादीच.

धागालेखक:
प्राधान्यक्रमाला माझा विरोध नाही. तो कशावरून ठरतो, हा प्रश्न आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणतेचे राष्ट्रीय नकाशे १:५०,००० प्रमाणाचे आहेत, म्हणजे कागदावरच्या एका सेंटिमीटरमध्ये जमिनीवरचे अर्धा किलोमीटर मावते. पन्नासएक घरांची वाडी त्यावर काही मिलिमीटरांची. असा नकाशा तालुक्याचे चित्र दाखवतो; घरामागचा उतार सुरक्षित आहे का, याचे उत्तर त्यातून काढणे चूक आहे.

प्रतिसाद २:
दोघेही उताराबद्दलच बोलत आहात. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. बचाव पथके पायी चढून गेली, अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत आणि माती बरीचशी हातांनीच उपसावी लागली. उतार तितकाच धोकादायक असला, तरी रस्ता असलेल्या गावापेक्षा अशा वाडीची जोखीम जास्तच असते. मूल्यमापनात रस्ता, रात्री आसऱ्याला जाता येईल अशी पक्की इमारत आणि इशारा पोहोचण्याची सोय यांना जागा नसेल, तर तो केवळ डोंगराचा अभ्यास ठरतो.

प्रतिसाद १:
हा मुद्दा मान्य आहे, पण त्याने माझेच म्हणणे बळकट होते. सरकारच्याच सांगण्यानुसार इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा तिथे तीन दिवसांत ४९९ मिमी पाऊस झाला होता. अशा वेळी वाडीवाडीचा सविस्तर अभ्यास हाताशी असण्यापेक्षा, ठरलेल्या मर्यादेपलीकडे पाऊस गेला की उतारावरच्या सर्वांनी खाली यायचे, हा साधा नियम अधिक जीव वाचवील.

धागालेखक:
ती मर्यादा कोणत्या पर्जन्यमापकावरून ठरवणार? तो महसूल मंडळाच्या मुख्य गावी, बहुधा सपाटीला असतो, आणि सह्याद्रीच्या कुशीत पाऊस काही किलोमीटरवर बदलतो. शिवाय नियम लागू करण्यासाठी उतारावर कोणकोणत्या वाड्या आहेत, तिथे किती माणसे राहतात आणि ती खाली कुठे जातील, हे आधी नोंदवावेच लागेल. मी जे मूल्यमापन मागतो आहे, त्याची सुरुवात याच नोंदीने होते, आणि तलाठी व ग्रामसेवक ती भूवैज्ञानिकाची वाट न पाहता या उन्हाळ्यात पूर्ण करू शकतात.