लीहाय नदीवरच्या 'बेअर ट्रॅप' गेटचं मॉडेल अडलंय, मदत हवी आहे

पेनसिल्व्हेनियातलं जिम थॉर्प गाव, म्हणजे 1954 आधीचं मॉक चंक, त्याचं मॉडेल करतोय. डोंगरांच्या अरुंद खोऱ्यात लीहाय नदी, वर कोळसा आणि खाली नदीत उन्हाळ्यात बोट तरंगेल एवढंही पाणी नाही, म्हणून कोळसा कंपनीच्या जोसाया व्हाइटने पाणी साठवून एकदम सोडायची ही 'बेअर ट्रॅप' दारं बसवली आणि त्या लोंढ्यावर कोळशाच्या बोटी फिलाडेल्फियाकडे जायच्या. परत यायची सोय नव्हती म्हणून तिथे बोटी मोडून लाकूड विकायचे, मला हेच फार भारी वाटतं! खाणीतून नदीपर्यंत कोळसा आणणाऱ्या 1827 च्या उतारावरच्या रेल्वेचा भाग झालाय, अडलंय ते गेटपाशी.

प्लायच्या दोन फळ्या, बिजागऱ्या, खाली पोकळी, प्रवाहाच्या वरच्या बाजूने पोकळीत पाइप. टाकी भरलेली असताना फळ्या मस्त उभ्या राहतात, पण एकदा पाणी सोडलं की परत उठतच नाहीत. कडांना रबर लावून बघितलं, पाइपही मोठा केला, फरक नाही. मोटर, दोरी लावायची नाहीये, मूळ गेट पाण्याच्याच दाबावर चालायचं. पाटबंधाऱ्यातलं कोणी आहे का इथे? पोकळीत येणारं पाणी गेटपासून किती वरून घ्यायला हवं, म्हणजे नदी उतरलेली असतानाही फळ्या उठतील?