केमिकल प्लांटमधल्या ऑपरेटरांनो, आपापले अनुभव लिहा

आयटीआयचा एओसीपी (केमिकल प्लांट ऑपरेटरचा ट्रेड) करून लागलेले असोत की बी.एस्सी. होऊन, रिअ‍ॅक्टरवर (रसायनांची प्रक्रिया होते त्या टाकीवर) शिफ्ट काढलेल्या सगळ्यांनी इथे लिहावं. कुठे स्फोट झाला तरच आपली बातमी होते. बॅच सुखरूप उतरते ती कुणामुळे, हेही लोकांना कळू दे. सुरुवात मीच करतो.

लोटे परशुराम
नायट्रेशनला (या रिअ‍ॅक्शनमध्ये भरपूर उष्णता सुटते) अ‍ॅसिड थेंबाथेंबाने सोडायचं, यालाच अ‍ॅडिशन म्हणतात, आणि रिअ‍ॅक्टरभोवतीच्या जॅकेटमध्ये ब्राइन, म्हणजे थंड खारं पाणी, चालू ठेवायचं. नवख्याला वाटतं, टेंपरेचर चढत नाही म्हणजे सगळं झकास. खरं तर अ‍ॅडिशन चालू असताना रिअ‍ॅक्टर तापायलाच तयार नसेल, तर पोटात गोळा यायला हवा. माल रिअ‍ॅक्ट न होता आत साचत असतो. एका नाइटला असंच झालं. आमच्या सीनिअर काकांचं लक्ष एजिटेटरच्या, म्हणजे माल ढवळणाऱ्या पंख्याच्या मोटरच्या, अँपिअरकडे गेलं. काटा नेहमीपेक्षा बराच खाली. मोटर फिरत होती, पण मोटरला पंख्याशी जोडणारं कपलिंग सुटल्याने आतला पंखा थांबला होता. काकांनी आधी अ‍ॅडिशन बंद केलं, मग शिफ्ट इन्चार्जला फोन. कपलिंग बसवून लगेच एजिटेटर चालू करावा असं एकाने सुचवलं, तर काका त्याच्यावर कडाडले. अ‍ॅसिडचा थर वेगळा बसलेला असतो. एकदम ढवळलं तर सगळी उष्णता एका क्षणात सुटते, मग कुठलं ब्राइन पुरणार? हे मला कुठल्याही ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

पाताळगंगा
मी डीसीएसवर, म्हणजे प्लांट चालवणाऱ्या कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरवर, बसते. दादा, तुमच्या काकांना नमस्कार. स्क्रीनवर व्हॉल्व्ह बंद दिसला, तरी फील्डवरच्या माणसाने वॉकीटॉकीवर ‘बंद आहे, बघितला’ म्हटल्याशिवाय मी पुढची स्टेप घेत नाही. याला उशीर म्हणणारे साहेब भेटतात. म्हणू देत.

रोहा
क्लोरीनवर बरीच वर्षं काढली. गळती शोधायला अमोनियाची बाटली फिरवायची. जिथे पांढरा धूर उठेल तिथेच लीक. पोरांना मी पहिल्याच दिवशी वाऱ्याची दिशा सांगणारा विंडसॉक दाखवतो. क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड, जमिनीलगत पसरतो. म्हणून खाली बसायचं नाही, खड्ड्यात उतरायचं नाही. वाऱ्याला आडवं निघायचं आणि उंच जागा गाठायची.

तारापूर
मी कंत्राटी आहे. रिलिव्हर (पुढच्या शिफ्टचा माणूस) आला नाही की डबल शिफ्ट ठरलेली, नाही म्हणायची सोय नाही. सोळाव्या तासाला अँपिअरचा काटा दिसतो का, हे लोटेच्या दादांनीच सांगावं. वर, रात्रभर बॅच चालवतो मी आणि लॉगबुकावर सही दुसऱ्याची, कारण कंत्राटदाराच्या माणसाला सहीचा अधिकार नाही. काही झालं तर मी तिथे होतो हे कागदावर कुठेच नाही. तुमच्यापैकी कुणाच्या प्लांटमध्ये कंत्राटी ऑपरेटर स्वतःच्या नावाने सही करत असेल, तर ते कसं मिळवलंत तेवढं लिहा. आमची युनियन विचारतेय.