शब्दचर्चा : मध्यरक्षक नक्की काय राखतो?

नेरुळकर :
पेपरात फुटबॉलच्या बातम्यांत रोज 'मध्यरक्षक', म्हणजे मिडफिल्डर, वाचतो, कधी अडलं नाही. परवा भाच्याने विचारलं, मामा अटॅकिंग मिडफिल्डरला मराठीत काय म्हणतात, मी आपलं पटकन 'आक्रमक मध्यरक्षक' बोलून गेलो आणि तो खो खो हसत सुटला, म्हणे एकाच वेळी आक्रमकपण आणि रक्षकपण? तेव्हापासून तो शब्द मला टोचतोय. गोलरक्षक ठीक आहे, गोल राखतो. हा काय राखतो? 'मधली फळी' म्हणावं तर तिथे क्रिकेटवाले आधीच पथारी पसरून बसलेत. कुणाला काही बरं सुचतंय का?

पाचपाखाडी :
एका शब्दात ते मावणारच नाही हो, कारण काम एक नाहीये. इंग्लंडची 2004 च्या युरो कपची टीम आठवा, मधे जेरार्ड आणि लॅम्पार्ड, दोघांनाही पुढे घुसून गोल मारायची हौस, मग मागे थांबणार कोण? आणि या दोघांना बसवायला स्कोल्सला डावीकडे सरकवलं, तो त्याच वर्षी 29 व्या वर्षी देशाकडून खेळणं सोडून मोकळा झाला. नावं बघाल तर एकाहून एक भारी. उलट 2006 ची इटली, पिर्लो शांतपणे पास वाटणार, गात्तुसो धावून धावून बॉल हिसकावून त्याला आणून देणार, वर्ल्ड कप घरी. पिर्लोच्या कामाला इटालियनमध्ये 'रेजिस्ता' म्हणतात, म्हणजे सरळ दिग्दर्शक. आपल्याकडे दोघेही मध्यरक्षक!

दिवाळे कोळीवाडा :
मागे थांबणाऱ्याला 'नांगर' म्हणा ना. शेतातला नाही, होडीचा. नांगर टाकला तरी होडी जागच्या जागी घुमते, भरती-ओहोटीला तोंड फिरवते, पण वाहून जात नाही. बाकीच्यांनी घुमावं, याने धरून ठेवावं.

नेरुळकर :
वा! हा चालेल. पण वरपासून खालपर्यंत पळणाऱ्याचं काय, बॉक्स टू बॉक्सवाला?

पाचपाखाडी :
त्याला आपल्याकडे जुना शब्द पडलाय. आट्यापाट्या खेळलाय का कुणी? बाकीच्यांनी आपापली आडवी पाटी धरायची, ती सोडायची नाही, आणि 'सूर' मात्र मधल्या उभ्या पाटीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत. हाच की तो! फक्त एक लक्षात घ्या, आट्यापाट्यात सूर एकच असतो. इंग्लंडने दोन ठेवले.

खारघर से. 12 :
शब्द छान आहेत पण पेपरवाले छापणार नाहीत 🙂 ब्राझीलमध्ये डिफेन्सिव्ह मिडफिल्डरला, म्हणजे आपल्या मागे थांबणाऱ्याला, 'व्होलांते' म्हणतात, कार्लोस व्होलांते नावाचा अर्जेंटिनाचा खेळाडू तिथे फ्लामेंगोकडून खेळायचा, त्याच्या आडनावाचाच शब्द झाला. म्हणजे शब्द मैदानावर आधी रुळतो, पेपरात नंतर येतो. आपणही जीक्सन सिंगवरून सुरुवात करू, तो 2017 च्या अंडर 17 वर्ल्ड कपात भारताचा पहिला गोल मारणारा, खेळतो मात्र मागे राहून. 'आज जीक्सन कोण?'

नेरुळकर :
रविवारी सानपाड्याच्या टर्फवर वापरून बघितलं. सगळ्यांना समजावलं, हा नांगर, हा सूर, बाकी पुढे. दहाव्या मिनिटाला आम्हाला कॉर्नर मिळाला आणि नांगर स्वतःच हेडर मारायला पुढे गेला, त्यांनी बॉल काढून सरळ मोकळ्या मैदानात पळवला आणि गोल. मागून आमचा गोलकीपर बोंबलतोय, 'अरे नांगर वाहून गेला, नांगर!'

शब्द मात्र रुळला.